चाळीस सेकंदांची हवा

१८ जानेवारी

ताई,

मायन्यात काय घालावं ते दोन कागद फाडूनही ठरलं नाही. तेव्हा नुसतं ताई.

तुला एक विचारायचं आहे. कामाचं आहे, घरचं नाही, त्यामुळे वाचायला हरकत नसावी. समज, तीन माणसं पडली आहेत. एक दहा पावलांवर, सारखा हाका मारतोय. दुसरी वीस पावलांवर, गप्प. तिसरा खांबाआड, त्याचे फक्त पाय दिसतात. औषध एकाच माणसापुरतं आहे. आधी कुणाकडे जायचं?

घाबरू नकोस. खरं कुणी पडलेलं नाही. हा कॉम्प्युटरवरचा खेळ आहे आणि मी त्यात मेडिक आहे. तू हसशील. हस.

लेक ऑगस्टमध्ये हॉस्टेलला गेली. जाताना टेबल, खुर्ची आणि मोठा कॉम्प्युटर इथेच ठेवून गेली. महिन्याभराने तिचा फोन आला, की बाबा, माझ्या नावाने आत जा आणि मंडळींना सांग, मी आता येणार नाही, अभ्यास आहे. मी कानाला ते यंत्र लावून आत गेलो. निरोप सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात एक बाई म्हणाली, मेडिक, कुठे होतीस इतके दिवस, इकडे ये, मी पडलेय. आता बाईमाणूस पडलंय म्हटल्यावर निरोप काय सांगत बसायचा. मी गेलो. कुठलं बटण दाबायचं तेही तिनेच पडल्या पडल्या सांगितलं. ती उठली. म्हणाली, आवाज का असा, सर्दी झाली का? मी म्हटलं, मी तिचा बाप.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी दोन ते पाच मी मेडिक आहे.

तुला कळावं म्हणून सांगतो. एक फुटकं अंतराळ स्थानक आहे. आम्ही चौघं एका बाजूने शिरतो, दुसरे चौघं समोरून. तेही आपल्यासारखेच, कुठेतरी खुर्चीत बसलेले. गोळी लागली की पोशाखाला भोक पडतं आणि आतली हवा जायला लागते. ती चाळीस सेकंद पुरते. तेवढ्यात मेडिकने पोचायचं, गुडघे टेकायचे, भोकावर फेस मारायचा, दंडात सुई द्यायची. याला आठ सेकंद लागतात. त्या आठ सेकंदांत हातात बंदूक नसते आणि मान वर करता येत नाही. एका फेरीला पाच सुया मिळतात. आमच्यात याला उठवणी म्हणतात.

त्या पडलेल्या बाई म्हणजे काकू. बँकेतून रिटायर झाल्यात, त्रेसष्ट वर्षांच्या आहेत, आणि नेम असा की समोरच्याला आपण मेलो हे नंतर कळतं. दुसरे गुरुजी. शाळेत गणित शिकवतात, प्रत्येक गोळीचा हिशेब मागतात. तिसरा उतू. त्याचं खरं नाव कुणाला ठाऊक नाही. गॅसवर दूध ठेवून खेळायला बसतो म्हणून उतू. यांपैकी एकालाही मी पाहिलेलं नाही.

मागच्या महिन्यात माझ्याकडे शेवटची सुई होती. उतू पडला होता. मी जिवावर उदार होऊन त्याच्यापर्यंत सरपटत गेलो, आठ सेकंद मान खाली घालून बसलो, त्याला उठवलं. तो उठला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. हाक मारली, उत्तर नाही. पडलोच आहे तर दूध बघून येतो, असं म्हणून तो केव्हाच उठून गेला होता, म्हणजे खरा. आत माणूस नसलेल्या देहाला मी शेवटची सुई दिली. तेवढ्यात तिकडे गुरुजींची हवा संपली. उतू परत येऊन म्हणतो, मी उभा कसा? आता नियम केलाय. पडल्यावर जागेवरून उठायचं तर सांगून उठायचं.

वर विचारलंय ते परवाचं. हाका मारणारा उतू होता. मी त्याच्याकडे गेलो. काकू आणि गुरुजी गेले. तेव्हापासून डोक्यात घोळतंय. तू चोवीस वर्षं अतिदक्षता विभागात काढलीस, तुला विचारणार नाही तर कुणाला.

सोबत कार्ड ठेवलंय. तिकीट लावलेलं आहे, माझा पत्ताही घातलाय. तुला फक्त उत्तर लिहायचं आहे.

घरी ठीक. हिचा गुडघा बरा आहे. काम चालू आहे, लिफ्टा बिघडायच्या थांबत नाहीत. आईच्या वेळचं मी काही लिहीत नाही.

बारक्या


९ फेब्रुवारी

ताई,

कार्ड मिळालं. "ओरडणाऱ्याकडे आधी जायचं नाही. त्याचा श्वास चालू आहे."

आठ शब्द. तीन वर्षांत आठ. वर नाव नाही, खाली सही नाही, पण अक्षर तुझंच. हिला दाखवलं. ती म्हणाली, तिकीट सोडवून घेऊन कार्ड टाकून दिलं नाही म्हणजे पुष्कळ झालं. मग तिने ते फ्रिजवर लावलं, विजेच्या बिलाच्या वर.

रविवारी मंडळींना वाचून दाखवलं. काकू म्हणाल्या, बाई कामाच्या आहेत. गुरुजींनी दोनदा म्हणायला लावलं, त्यांना लिहून घ्यायचं होतं. उतूला मात्र लागलं. त्या दिवशी तो पडला की मुद्दाम चिडीचूप. पंधरा मिनिटांनी लक्षात आलं की तो पहिल्या खोलीतच मरून पडलाय. काकूंनी त्याला झापलं. मग ठरलं, पडल्यावर जागा एकदा सांगायची आणि तोंड मिटायचं. हल्ली आमचं इतकं शांत चाललेलं असतं की हिने एकदा दारातून डोकावून विचारलं, झोपलात का?

पण खरं सांगायचं ते पुढेच आहे. गेल्या बुधवारी एका अकरा मजली इमारतीत लिफ्ट सातव्या आणि आठव्याच्या मध्ये अडकली. आत चार जण. मी पोचलो तेव्हा एक गृहस्थ दारावर बुक्के मारत होते आणि मालकापासून माझ्यापर्यंत सगळ्यांचा उद्धार करत होते. अशा वेळी मी आजवर काय करत आलो तर त्याच्याशी बोलायचो. मी आलोय, दाराला हात लावू नका, दहा मिनिटं. तो गप्प झाला की मला वाटायचं, निम्मं काम झालं.

या वेळी फटीला तोंड लावून विचारलं, आत गप्प कोण आहे?

बुक्के थांबले. मग तेच गृहस्थ वेगळ्या आवाजात म्हणाले, इथे एक बाई आहेत, त्या खाली बसल्यात, घाम आलाय त्यांना. साखर कमी झाली होती. मी वर मशीन रूममध्ये जाऊन हाताने ब्रेक सोडून लिफ्ट मजल्याच्या पातळीला आणणार होतो, त्याला वेळ लागतो. तो बेत सोडला. आधी किल्लीने आठव्याचं दार वीतभर उघडलं, कुणाकडून तरी साखरेचं पाणी मागवलं, बाटली आत सोडली. त्या प्यायल्या. मग वर गेलो. बाहेर आल्यावर त्या माझ्या हाताला नुसता हात लावून गेल्या. ओरडणाऱ्या गृहस्थांनी मात्र तक्रार लिहून दिली, की कर्मचाऱ्याने माझ्याकडे लक्ष दिलं नाही. साहेबांनी ती मला वाचून दाखवली आणि आम्ही दोघं हसलो.

एकतीस वर्षं लिफ्टा दुरुस्त करतोय. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तू घरातलीच होतीस, मी कधी विचारलं नाही.

आता दुसरा प्रश्न. पोचता येईल असं वाटत नसलं तर माणसाला सोडायचं कधी? म्हणजे तू कसं ठरवतेस? गुरुजी म्हणतात, अंतर भागिले वेग, त्यात आठ मिळवा, चाळीसच्या वर गेलं की सोडा. तसं असतं का?

कार्ड सोबत आहे.

बारक्या


१५ मार्च

ताई,

या वेळी कार्ड नाही, पाकीट आलं. पाकिटात चौथाई कागद. "हे मला का विचारतोस?"

बरोबर आहे तुझं. सांगतो.

गेल्या पत्रात तो प्रश्न लिहिला तेव्हा माझ्याकडे उत्तर होतं. ते घडून चार दिवस झाले होते. मी तुला सांगितलं नाही.

गुरुजी पडले होते, मोकळ्या जागेच्या पलीकडे. काकू माझ्या पायाशी पडल्या होत्या. गुरुजींची बारा सेकंदांची हवा उरली होती. धावत गेलो असतो तर दहाव्या सेकंदाला पोचलो असतो, म्हणजे सुई पुरी झालीच नसती आणि मीही उघड्यावर गेलो असतो. इकडे काकूंची तीस उरली होती. मी काकूंजवळ बसलो. काकू उठल्या, त्यांनी समोरचे तिघं टिपले, आम्ही जिंकलो. मोजायला गेलं तर सगळं गुरुजींच्या सूत्राप्रमाणेच झालं.

संपल्यावर मी त्यांना म्हटलं, गुरुजी, नाही जमलं. ते सगळ्यांच्या कानात म्हणाले, "राहू द्या. डॉक्टरसाहेबांची चहाची वेळ झाली असेल."

आणि निघून गेले. पुढच्या रविवारी आले, पण माझ्याशी अवाक्षर नाही. पडले की जागासुद्धा काकूंना सांगायचे. सुई मीच द्यायचो, तोंडाने मात्र आभार काकूंचे.

ताई, मी खुर्चीत तसाच बसून राहिलो. गुरुजींचा राग आला म्हणून नव्हे. ते वाक्य माझं होतं. शब्द वेगळे, वाक्य माझंच.

तुझ्या विभागाच्या दाराशी, तुझ्या हाताखालच्या मुलींसमोर मी म्हणालो होतो, की तुझी ड्यूटी संपत आली होती म्हणून आईला सोडलंस. तू हातातली फाइल दुसऱ्या हातात घेतलीस आणि आत गेलीस. आई तेव्हा तुझ्याकडे राहायला आली होती, मी नऊ तासांचा प्रवास करून आलो होतो, आणि तू डॉक्टरांना आधीच सांगून टाकलं होतंस, की श्वासाचं यंत्र लावू नका. माझी वाट पाहिली नाहीस, एवढंच मला दिसत होतं. त्यानंतर मी लोकांना सांगत सुटलो, की ताईने निर्णय एकटीने घेतला. तुझ्या कानावर ते गेलं असणार. आपल्या माणसांत कुठलीही गोष्ट जागेवर राहत नाही.

खेळातलं मरण आणि ते एक नव्हे, एवढी अक्कल मला आहे. गुरुजी पाच मिनिटांनी परत उभे राहतात. म्हणून मी तुला सोडायचं कसं असतं ते समजलं, असं लिहिणार नाही. ते मला समजलेलं नाही. सोडल्यावर ऐकून कसं घ्यावं लागतं, तेवढं समजलं. तेही पाव टक्का. मला गुरुजींचं एक वाक्य अकरा दिवस पुरलं.

अकरा दिवस अशासाठी, की बाराव्या दिवशी काकूंनी ते मिटवलं. त्यांनी सुटीच्या दिवशी दुपारी सगळ्यांना बोलावलं आणि गुरुजींना म्हणाल्या, आज मेडिक तुम्ही. गुरुजी म्हणाले, हरकत नाही, त्यात काय आहे. पहिल्या फेरीत ते धावत सुटले, ज्याने हाक मारली त्याच्याकडे. सात मिनिटांत आम्ही तिघंही गेलो. दुसऱ्या फेरीत उतू आणि मी एकदम पडलो, दोन टोकांना. गुरुजी मध्ये उभे राहिले. नुसते उभे. दोघांचे चाळीस सेकंद उभ्या उभ्या गेले. मग गुरुजींचा आवाज आला, "तुम्ही हे दर रविवारी कसं करता हो?"

पुढच्या फेरीला मी पुन्हा मेडिक झालो. माफी वगैरे त्यांनी मागितली नाही. पण हल्ली मी गुडघे टेकले की ते माझ्यापुढे येऊन उभे राहतात, माझी मान वर होईपर्यंत. दोनदा त्यात मेले.

मी तसा नाही, मला माफी मागावी लागेल. त्या दाराशी जे बोललो ते खोटं होतं आणि बोलतानाही मला ते माहीत होतं. म्हणून विचारत होतो.

जमलं तर ये. आईची खोली आता लेकीची झालीय आणि लेक हॉस्टेलला आहे. हिने गादी उन्हात घातलीय, तुला न विचारताच.

बारक्या


३ मे

ताई,

तू गेल्याला तीन दिवस झाले. खुर्चीच्या पाठीवर तुझी शाल राहिलीय. हिला वाटतं तू विसरलीस. मी ती तिथून हलवली नाही.

सहा आठवडे तू उत्तर दिलं नाहीस आणि मग एकदम दारात उभी राहिलीस, हातात पिशवी घेऊन, आणि पहिलं वाक्य काय तर, बेल किती मोठ्याने वाजते रे तुमची. मी तीच दुरुस्त करत बसलो अर्धा तास. दुसरं काही सुचलं नाही. तुम्ही दोघी आत बोलत होतात आणि मध्येच हसत होतात. मी बेल जितकी पुरवता येईल तितकी पुरवली.

रविवारचं मात्र लिहून ठेवायचं आहे. समोर बोलता आलं नाही, तू ओळखतेसच मला.

तू कपबशी घेऊन मागे स्टुलावर बसलीस. मी म्हटलं, कंटाळशील. तू म्हणालीस, मी बघते. पहिला अर्धा तास तू फक्त विचारत होतीस, की या पट्टीचा अर्थ काय, लाल म्हणजे किती उरलं. मग विचारायचं थांबलीस. मला पाठीमागे तुझा श्वास ऐकू येत होता, तसा तू आईच्या पायांना तेल लावताना यायचा, मोजका.

मग ते झालं. गुरुजी उजवीकडे पडले, जिन्याखाली. काकू आणि उतू डावीकडे, दोघंही एकाच खोलीत. सुया दोन. गुरुजींचे अठरा सेकंद उरलेले. गुरुजींनी जागा एकदा सांगितली आणि गप्प झाले, ठरल्याप्रमाणे. मी जिन्याकडे वळलो. मला ठाऊक होतं की पोचणार नाही. तरी वळलो. गेल्या वेळचं मनात होतं.

तू म्हणालीस, "सोड त्याला. डावीकडे जा."

तो तुझा विभागातला आवाज. मोठा नाही, चढा नाही. मी डावीकडे गेलो. काकूंना उठवलं, उतूला उठवलं. कानात गुरुजी म्हणाले, कोण बोललं ते? मी म्हटलं, माझी ताई. ते म्हणाले, मग ठीक आहे. आणि त्यांची हवा संपली. काकू म्हणाल्या, बाईंना नमस्कार सांगा. मी तो सांगायला मागे वळलो तर स्टूल रिकामं.

मी खेळ तसाच टाकून उठलो. माहीत आहे, सांगून उठायचं असतं. तू स्वयंपाकघरात ओट्याशी उभी होतीस. कप धुऊन झाला होता आणि नळ चालू होता. मला वाटलं, रडत असशील. तू रडत नव्हतीस. नळ बंद केलास आणि म्हणालीस, "मला त्या दिवशी असं कुणी म्हणायला हवं होतं. सोड म्हणून. मागून कुणीतरी."

तू हात पुसलेस आणि म्हणालीस, "तू असतास तर म्हणाला असतास?"

मी ओट्यावरचा कप पुसायला घेतला. तू माझ्या गळ्यातल्या त्या कानाच्या यंत्राकडे बोट दाखवून म्हणालीस, जा, ते बोलावतायत तुला. खरंच बोलावत होते. उतू ओरडत होता, मेडिक भिंतीकडे तोंड करून उभा आहे, याच्या घरी दूध उतू गेलं वाटतं. तुला ते ऐकू गेलं आणि तू हसलीस. मी गेलो. नंतरचे दोन दिवस आपण बाजारात गेलो, आईचे जुने चष्मे काढून पाहिले, लेकीला फोन केला, तू तिला अभ्यासावरून बोललीस, दिवस छान गेले. तो प्रश्न तू परत काढला नाहीस. पण तू विचारलंस ते विचारलंस. उत्तर द्यायला हवं.

मी असतो तर सोड म्हणालो नसतो. थांब म्हणालो असतो. यंत्र लावा म्हणालो असतो, सगळ्यांच्या देखत, मोठ्याने, आणि तू माझं ऐकलं असतंस, कारण मी रडलो की तू लहानपणापासून ऐकत आलीस. आई त्या यंत्रावर आठ दिवस राहिली असती, दहा दिवस राहिली असती. आणि मी तिसऱ्या दिवशी रजा संपली म्हणून परत आलो असतो. उरलेले दिवस तू पाहिले असतेस.

तू माझी वाट पाहिली नाहीस ते बरं केलंस.

तुझा,
बारक्या